मुलांचं स्कीइंग: धाकटी उतरायला तयार नाही, थोरला थांबायला तयार नाही

प्रश्न: दुहेरी_उतार

घरात दोन मुलं आणि दोघांच्या तक्रारी एकमेकांच्या बरोबर उलट.

धाकटी सहा वर्षांची, उंची ११४ सेमी, वजन १९ किलो. गेल्या हंगामात अगदी सोप्या उतारावर पिझ्झा करून (स्कीची पुढची टोकं जवळ, मागची फाकवून) व्यवस्थित थांबायची. या हंगामात अर्ध्या तासातच पाय दुखतात, बोटं गार पडतात आणि परत जायचा धोशा सुरू होतो. उतार जरा वाढला की ती मागे झुकते, स्की पुढे पळतात आणि बाईसाहेब बसकण मारतात. बूट दादाचे जुने, १९.५ चे. आत दोन जोड मोजे. स्कीही त्याच्याच, ११० सेमी.

थोरला दहाचा, १३८ सेमी, ३१ किलो. त्याला भीती ठाऊक नाही. नाक खाली करून सरळ सुटतो आणि थांबतो तो थेट तळाशी.

धाकटीचं दुखणं सामानाचं की मनाचं? तिला कमरेला पट्टा बांधून मागून धरावं का? थोरल्याला वळणं घ्यायला कसं लावायचं? आणि दोघांना घेऊन चेअरलिफ्टवर बसताना कोणी कुठे बसावं? "हळूहळू जमेल" हे उत्तर सोडून काहीही चालेल.

---

उत्तर १: नडगी_आणि_बक्कल

मनाकडे नंतर वळू, आधी बूट काढा. तुमच्या वर्णनातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट बुटातून येऊ शकते.

टाच भिंतीला टेकवून मुलीला उभं करा आणि टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पाय मोजा. जो आकडा येईल तोच स्कीच्या बुटाचा साईझ, कारण ही मापं सरळ सेंटिमीटरमध्येच असतात. तुमच्या मुलीचा पाय १७ ते १८ च्या आसपास निघाला तर नवल वाटायला नको.

मग शेलची चाचणी. बुटातला मऊ लायनर बाहेर काढा, नुसत्या प्लॅस्टिकच्या शेलमध्ये तिचा उघडा पाय घाला, बोटं पुढे हलकी टेकू द्या आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. तुमचं एक बोट ते दीड बोट मावत असेल तर उत्तम. पूर्ण दोन बोटं मावत असतील तर वाढत्या पायासाठी हंगामभर चालवून घेता येईल. त्याहून जास्त जागा असेल तर तो बूट तिचा नाही, मग कितीही नवा असो. अर्धे साईझ बघून फसू नका. बहुतेक कंपन्यांमध्ये १९ आणि १९.५ चं शेल एकच असतं, फरक फक्त आतल्या तळव्यात किंवा लायनरमध्ये.

मोठा बूट काय करतो? पाय आत पुढेमागे सरकतो, टाच उचलली जाते. पाय धरून ठेवण्यासाठी मूल बोटं आखडतं, म्हणून पाय दुखतो. पालकांना वाटतं बूट सैल आहे, ते बक्कल आणखी आवळतात. चवड्यावरचं बक्कल आवळलं की रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून बोटं गार. त्यात दोन जोड मोजे म्हणजे आणखी दाब, आणि दोन थरांच्या मध्ये घाम. गुडघ्यापर्यंतचा एकच पातळ मोजा, लोकरीचा किंवा सिंथेटिक. सुती नको, तो ओला झाला की ओलाच राहतो. थर्मलची विजार बुटात कोंबायची नाही, ती बुटाच्या वर संपली पाहिजे. नडगीवर आलेली एक चुणीसुद्धा दिवस नासवते.

बक्कल लावायचा क्रम असा: टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवायची, गुडघा पुढे दाबायचा, आधी घोट्याजवळचं बक्कल, मग वरचं, आणि चवड्यावरचं सर्वांत शेवटी, नुसतं अडकेल इतकंच.

आता कडकपणा. बूट घालून, स्की न घालता तिला गुडघे वाकवायला सांगा. घोटा पुढे वाकून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली गेली पाहिजे. १९ किलोच्या मुलीला तिच्याहून मोठ्या मुलाचा बूट वाकवता येत नाही. घोटा वाकला नाही तर शरीर गुडघ्यात आणि कमरेत वाकतं, वजन टाचेवर जातं, स्की पुढे पळतात. "मागे झुकते" हे त्याचंच दुसरं नाव. अशा मुलीला दिवसभर "पुढे झुक, पुढे झुक" ओरडून काही होणार नाही, बूट तिला झुकूच देत नाही.

११० सेमीच्या स्की तिच्या उंचीला जवळजवळ कपाळापर्यंत येतात. शिकणाऱ्या मुलांसाठी छाती ते हनुवटी हे माप धरा, म्हणजे तिला ९० च्या आसपास. हलक्या मुलीला त्याहून थोड्या आखूडही चालतील. थोरल्याला १२५ ते १३० ठीक.

आणि एक गोष्ट कृपा करून विसरू नका. बूट बदलला की बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी कळ, पुन्हा जुळवून घ्यावंच लागतं. पडल्यावर बूट स्कीपासून किती जोराला सुटेल तो आकडा वजन, उंची, वय, स्की करण्याची पातळी आणि बुटाच्या तळाची लांबी या पाचांवरून ठरतो. त्यासाठी आयएसओ ११०८८ हे मानक आहे आणि नऊ वर्षं व त्याखालच्या मुलांसाठी त्यात एक पायरी खालचा आकडा धरतात. लहान मुलांच्या बुटाचा तळही मोठ्यांपेक्षा वेगळा असतो, त्यामुळे सगळी बाइंडिंग दोन्हींना चालत नाहीत. हे काम तंत्रज्ञाकडून करून घ्या. स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरी नको. आकडा जास्त राहिला तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि नडगीचं हाड पिळून मोडू शकतं. कमी राहिला तर वळणावरच सुटते.

---

उत्तर २: निळा_चौकोन

वरच्या उत्तराला शंभर टक्के अनुमोदन. बूट बदलल्यावर लगेच मागच्या हंगामातल्या उतारावर नेऊ नका. त्याच्याही एक पायरी खालच्या उतारावर, जिथे तळाशी जमीन सपाट होते आणि काहीही न करता स्की आपोआप थांबतात.

पिझ्झाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. मूल घाबरलं की पालक खालून ओरडतात, "मोठा पिझ्झा! अजून मोठा!" पाय फार फाकले की गुडघे आत पडतात, बूड खाली जातं, वजन टाचेवर येतं आणि स्कीची आतली कड बर्फात रुतायची थांबते. म्हणजे पिझ्झा मोठा, पण ब्रेक नाही. सहा वर्षांच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं, मांडीचे स्नायू अजून कच्चे, म्हणून थोडं मागे बसणं आणि पाय फाकणं वयाला धरूनच आहे. ते पूर्ण घालवायच्या मागे लागू नका. वेग कमी करायचा तो वळून. उताराला आडवं जायचं, आणि स्कीची टोकं जराशी वर चढणीकडे वळली की स्की थांबतातच, पिझ्झा असो वा नसो. हे एकदा पायाला कळलं की भीती अर्धी होते.

करून बघण्यासारखं:

पहिल्या दिवशी स्की नाहीत. नुसते बूट घालून बर्फात चालणं, बाजूने पायऱ्या चढणं, शिवाशिवी. वीस मिनिटं.

मग एकच स्की, सपाट जागेवर, स्कूटरसारखं ढकलत. पाय बदलून पुन्हा.

मग मॅजिक कार्पेटचा, म्हणजे उभ्याउभ्या वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याचा, उतार. हात गुडघ्यांवर ठेवून खाली यायचं, डाव्या गुडघ्यावर दाब दिला की उजवीकडे वळतं, उजव्यावर दिला की डावीकडे. हात गुडघ्यांवर असले की अंग आपोआप पुढे येतं. काठ्या नकोत. पॅरलल, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं, जमेपर्यंत त्या फक्त तलवारी असतात.

पडल्यावर उठायला शिकवा, उचलून उभं करू नका. दोन्ही स्की शरीराच्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या, मग हातांनी ढकलून वर. स्की निघाली असेल तर उताराकडची आधी घालायची. अडकत नसेल तर बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ खरवडून काढा, दहापैकी नऊ वेळा तेच कारण असतं.

वेळ पाळा. या वयाला सकाळी दीड तास आणि दुपारी तासभर पुरे. रडू यायच्या आधीची फेरी शेवटची ठेवायची, नंतरची नाही. दुपारनंतर उतार उखडलेला असतो, सावलीत बर्फ टणक होतो, प्रकाश सपाट पडतो आणि खळगे दिसत नाहीत. थकलेल्या मुलांचं पडणंही तेव्हाच वाढतं.

थंडीचं म्हणाल तर बोटांचे हातमोजे सोडा आणि एककप्पी मिटन घ्या. गालावर, नाकावर किंवा कानाच्या पाळीवर पांढरा, मेणासारखा डाग दिसला की लगेच आत. तिथे उबदार तळवा धरायचा, चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही. उलट बाजूने उन्हाचंही भान ठेवा. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही सनस्क्रीन लावा, किरणं खालूनही येतात.

---

उत्तर ३: दोरीवाली_काकू

पट्ट्याबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून लिहिते.

पट्टा वाईट नाही, तो धरण्याची पद्धत वाईट असते. दोरी सतत ताणलेली असेल तर मूल तिच्यावर रेलतं, मागे झुकायला शिकतं आणि ब्रेकची जबाबदारी तुमच्यावर टाकून मोकळं होतं. म्हणून सोप्या उतारावर पट्टा नकोच. उपयोग एकाच ठिकाणी: एका बाजूला दरी असलेली अरुंद वाट, जिथून गेल्याशिवाय घरी पोचता येत नाही. तिथेही दोरी ढिली, मुलाने स्वतः वळायचं, तुम्ही फक्त वेग हाताबाहेर गेला तर आवरायचं. दोऱ्या खांद्याला नकोत, कमरेच्या पट्ट्याला हव्यात. आणि तुम्हाला स्वतःला पिझ्झात सावकाश उतरता येत नसेल तर या फंदात पडू नका, दोघंही पडाल.

चेअरलिफ्टवर चढण्याआधी दोरी, लोंबणारे बंद, पाठीवरची सॅक, सगळं काढून हातात किंवा पोटाशी. खुर्चीत अडकलेला पट्टा उतरताना मुलाला सोडत नाही.

स्कीच्या टोकांना जोडणारी रबराची क्लिप मिळते, तीही विचाराल. तीन-चार वर्षांच्या मुलाचे पाय फाकून टोकं लांब जात असतील तर पहिले दोन-तीन दिवस ठीक. तुमच्या मुलीला गेल्या वर्षी पिझ्झा येत होता, तिला गरज नाही.

---

उत्तर ४: उजवा_डावा

थोरल्याकडे वळतो. "हळू जा" ही सूचना या वयाला ऐकूच येत नाही. काम द्या.

आधी थांबणं तपासा. दोन्ही बाजूंना आडवी स्की घासत थांबता येतं का? सरळ सुटणाऱ्या बहुतेक मुलांना एकाच बाजूला येतं, म्हणून ती दुसरं वळण टाळतात आणि ते धाडस वाटतं. साइड-स्लिपपासून सुरुवात करा: उताराला आडवं उभं राहून कडा हलक्या सोडायच्या, सरळ खाली घसरायचं, पुन्हा कडा रोवून थांबायचं. डावीकडे तोंड करून दहा मीटर, उजवीकडे करून दहा मीटर. कंटाळवाणं आहे, पण ज्याला हे येतं त्याला बर्फाळ उतारावरही उभं राहता येतं.

मग अट घाला. बर्फ सपाट करणाऱ्या यंत्राचे पट्टे सकाळी उतारावर स्पष्ट दिसतात, एक पट्टा साधारण पाच मीटर रुंद. त्याच्याबाहेर न जाता खालपर्यंत किती वळणं होतात ते मोजायचं. दुसऱ्या फेरीत पाच जास्त. नंतर दोन पट्ट्यांत मोठी, गोल वळणं. तिसऱ्या फेरीत हळू पोचणारा जिंकला, पण थांबायची परवानगी नाही. वेगाची हौस असलेल्या पोराला हा शेवटचा खेळ सगळ्यांत अवघड जातो, आणि त्यातच त्याला वळण पूर्ण करणं म्हणजे काय ते उमगतं.

आंतरराष्ट्रीय स्की संघटनेचे वर्तनाचे दहा नियम आहेत. दहाच्या दहा शिकवा, पण तीन पाठच हवेत. मागून येणाऱ्याने पुढच्याला वाट द्यायची, पुढचा कसाही वळला तरी. निघण्यापूर्वी वर बघायचं. अरुंद जागी किंवा उंचवट्याच्या आड, जिथे वरून दिसत नाही, तिथे थांबायचं नाही. हिशेब सोपा आहे: ताशी ३० किमी म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून जास्त. त्याला तो प्रत्यक्ष बर्फावर पावलांनी मोजायला लावा, भाषणाची गरज उरत नाही.

हेल्मेट: भुवईच्या वर दोन बोटं, पट्ट्याखाली एक बोट, आत लोकरीची टोपी नाही. बक्कल न लावता डोकं हलवलं तरी जागेवर राहिलं पाहिजे. जोरात आपटलं असेल तर तडा दिसो न दिसो, बदला.

चेअरलिफ्ट. काठ्या एका हातात, बंद मनगटातून काढलेले. लहान मूल लिफ्टच्या कर्मचाऱ्याच्या बाजूला, त्याच्या शेजारी मोठं माणूस. थोरला तुमच्या दुसऱ्या बाजूला, दोन मुलं शेजारीशेजारी नकोत. तुम्ही एकटे असाल तर गर्दीच्या वेळी कर्मचाऱ्याला आधीच सांगा, तो खुर्ची हळू करतो. खुर्ची येताना मागे वळून बघायचं, लागताच पूर्ण मागे सरकून बसायचं, खुर्चीचा सुरक्षेचा दांडा लगेच खाली. पाठ टेकेपर्यंत मुलाचं लक्ष हातमोज्यात किंवा गप्पांत नको. खुर्चीवरून पडण्याचे प्रकार बरेचसे चढतानाच नीट न बसल्याने होतात. सुरुवातीलाच मूल नीट बसलं नाही तर त्याला वर ओढत बसू नका, सोडा आणि बर्फात सपाट आडवं व्हायला सांगा, कर्मचारी लिफ्ट थांबवतो. खुर्ची वर गेल्यावर लटकलं तर मात्र घट्ट धरून ओरडायचं. वर पोचताना दांडा फलक दिसल्यावरच उचलायचा, स्कीची टोकं वर, आणि उतरल्यावर तिथेच घोळका करायचा नाही.

---

दुहेरी_उतार

पाय मोजला: १७.५. शेलमध्ये टाचेमागे माझी तीन बोटं आरामात मावली. १८ चे मऊ बूट आणि ९० च्या स्की घेतल्या, बाइंडिंग तंत्रज्ञाकडून लावून घेतलं. बोटं गार पडल्याची तक्रार बंद आहे, बाकी बघू.

आता नवीन पेच. थोरल्याला यंत्राच्या पट्ट्यातली वळणं इतकी आवडली की त्याला रेसिंगच्या गटात जायचंय. दहाव्या वर्षी योग्य आहे का? सामान किती लागतं?

---

उत्तर ५: नडगी_आणि_बक्कल

योग्य आहे, पण गट बघून. आठवड्यातला बहुतेक वेळ शर्यतीसाठी रोवलेल्या दांड्यांमधून वळणं घेण्यात जात असेल तर दुसरा गट शोधा. या वयाला मोकळं स्कीइंग, खळगे, पावडर (ताजा, भुसभुशीत बर्फ), छोट्या उड्या, एका पायावरची वळणं, हे जास्त हवं. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मुलांच्या गटांची सुरुवातच १४ आणि १६ वर्षांखालील अशी होते, त्याआधी घाई नाही.

सामानात एकच जोडी स्की पुरते, स्लालम (जवळजवळच्या दांड्यांची शर्यत) आणि जायंट स्लालम (लांब लांब दांड्यांची) यांसाठी वेगवेगळ्या नकोत. हेल्मेटला कानावर मऊ कापड नाही, कडक कवच हवं. पाठीचं कवच घ्या. रेसिंगचे फार कडक बूट मात्र घेऊ नका, ३१ किलोला ते वाकणार नाहीत आणि धाकटीची गोष्ट पुन्हा घडेल.

खरा खर्च पालकांच्या वेळेचा. कडा बोथट झाल्या की टणक बर्फावर स्की घसरते आणि मुलाला वाटतं आपल्यालाच येत नाही. नखाचा पृष्ठभाग कडेवरून हलकेच आडवा ओढा. पापुद्रा निघाला तर धार आहे. बाजूची कड साधारण ८८ अंशांवर, गाइड लावून, डायमंड स्टोनने, नेहमी एकाच दिशेने. दगडावर आपटून आलेली गाठ आधी स्टोनने घालवायची, मग फाइल. मेण गरम इस्त्रीने पातळ, इस्त्री एका जागी थांबवायची नाही, धूर निघाला म्हणजे फार गरम. गार झाल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचं आणि ब्रश मारायचा. धाकटीच्या स्कींनाही लावा. हलकी मुलं सपाट वाटेवर मागे पडतात त्याचं अर्धं कारण कोरडा तळ असतो.

बूट रोज रात्री लायनर काढून सुकवा, पण हीटरवर ठेवू नका, आकार बिघडतो. सुकल्यावर बक्कल हलकी लावूनच ठेवायची.

---

उत्तर ६: निळा_चौकोन

एवढी डोकेदुखी कशासाठी, असं कुणी वाचता वाचता म्हणेल म्हणून थोडी दुसरी बाजू. चेअरलिफ्टवरची आठ-दहा मिनिटं म्हणजे फोन खिशात, हात मिटनमध्ये आणि उठून जायला जागा नाही. दहा वर्षांची पोरं एरवी जे सांगणार नाहीत ते तिथे सांगतात. आणि मूल स्वतः उतार वाचायला लागतं, "इथे बर्फ चकाकतोय, डावीकडून जाऊ" म्हणतं, तेव्हा समजा की शिक्षण पायातून डोक्यात पोचलं.

पुढे काय येणार तेही सांगते. बारा-तेराव्या वर्षी थोरला तुमच्यापेक्षा वेगात असेल आणि तुमच्याबरोबर उतरायला कंटाळेल. एकट्याने सोडण्याआधी ठरवायच्या गोष्टी थोड्या आहेत: ठराविक लिफ्टच्या तळाशी ठराविक वेळेला भेट, जोडीला एक मित्र, खुणेच्या दोऱ्यांपलीकडे अजिबात नाही, उताराचा नकाशा आणि तिथल्या बचाव पथकाचा नंबर जॅकेटच्या आतल्या खिशात कागदावर. फोनही आतल्याच खिशात, थंडीत बॅटरी भराभर उतरते. चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही. दोघांनीही ठरलेल्या लिफ्टच्या तळाशी जाऊन थांबायचं.

---

दोरीवाली_काकू

आणि मिटनना मनगटाची दोरी शिवून घ्या. चेअरलिफ्टखाली जो ढीग असतो तो सगळा डाव्या हाताचा असतो, का ते कळत नाही.

---

उजवा_डावा

कारण उजव्या हाताने नाक पुसायला डावा काढतात... नाही, तसंही जुळत नाही. दोरी शिवा.